ओनेगो गोठेपर्यंत

माझी बायको तैसिया चौदा नोव्हेंबरला वारली. त्या दिवसांत ओनेगो सरोवरावर होडी चालत नाही आणि बर्फही माणसाला पेलत नाही. आमच्याकडे दर वर्षी असे तीन-चार आठवडे येतात. या आठवड्यांत कुणी मरू नये, असं म्हातारी माणसं सांगतात. सांगतात आणि मरतात.

तिला कुयसारीला पुरायचं होतं. कुयसारी म्हणजे तिचं जन्माचं गाव, आमच्या तारनावोलोक गावासमोर सात किलोमीटरवरचं बेट. तिथे आता कुणी राहत नाही. पण दफनभूमी आहे आणि तिथे तिची आई आहे. आईजवळ नेईन, असा शब्द मी दिला होता.

झटका आला तेव्हा ती मासे खारवत होती. हात मिठात होते. म्हणाली, "अर्सेनी, हा डावा हात झोपलाय बघ." मग बाकावर बसली. तालुक्याची नर्स शेवटच्या होडीने आली, सुई टोचली, कागद लिहिला आणि बर्फाचे पापुद्रे होडीच्या फळ्या कापायला लागायच्या आत परत गेली. त्यानंतर तैसिया दोन दिवस होती. फार बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "आईजवळ ने. वरच्या अंगाला, झाडांत. काठ टिकत नाही. तुला फार खणावं लागणार नाही."

मी म्हटलं, "बरं."

"आणि मासे उरकून घे. अर्धेच झालेत."

हे तिचं शेवटचं बोलणं. ती गेल्यावर मी मासे उरकले. मीठ शेवटपर्यंत पुरलं.

उस्तिन्या मावशीने तिला धुतलं. उस्तिन्या मावशी शेजारच्या घरात राहते, शहाऐंशी वर्षांची आहे, आणि गावातल्या सगळ्या मेलेल्यांना तिनेच धुतलंय. मला म्हणाली, "तू बाहेर जा. इथे उभा राहून काय करणार आहेस?" मी बाहेर गेलो आणि तिथे उभा राहिलो. पेटी वेनियामिनने केली. तो माझा शेजारी, आयुष्यभर आम्ही एकाच जाळ्याची दोन टोकं ओढली. पेटी आणून त्याने कोठाराच्या दारात टेकवली आणि म्हणाला, "मापापेक्षा चार बोटं जास्त धरलीय. भांडताना ती चवड्यांवर उभी राहायची, कुणास ठाऊक कधी लागेल."

मी हसलो नाही. तोही हसला नाही. पण बोलला ते बरं झालं, कारण तोवर दोन दिवस कुणी तिच्याबद्दल ती जिवंत असल्यासारखं बोललं नव्हतं.

आमच्या घरांना कोठार जोडूनच असतं, एका छपराखाली. तिथे चूल नाही. पेटी मी दोन ओंडक्यांवर ठेवली, जाळी वाळत घालायच्या दांड्यांच्या खाली. मग वाट बघायला लागलो.

रोज सकाळी पहार घेऊन खाली जायचो. पहार मारायची आणि मोजायचं. एका घावात आरपार गेली तर मागे फिरायचं. दोन घावांना माणूस. चार घावांना घोडा. आता घोडे नाहीत, पण आम्ही अजून घोड्यातच मोजतो. किती बोटं बर्फ धरला ते मी कोठाराच्या दारावर पेन्सिलीने लिहायचो. वीस नोव्हेंबरला एक बोट. बावीसला दीड. पंचवीसला वारा आला, सगळा बर्फ फुटून दक्षिणेला गेला आणि दारावर मी शून्य लिहिलं. मग कोठारात जाऊन तिला सांगितलं, "फुटला." सांगायचं म्हणून नाही. तोंडातून गेलं.

मला काही वाटत नव्हतं. हे मी लपवत नाही. बटाटे सोलायचो, उकडायचो, खायचो. चूल पेटवायचो. रडू येईल असं उस्तिन्या मावशी म्हणत होती, आलं नाही. थंडीत फार वेळ जाळं ओढलं की बोटं आपली राहत नाहीत, सुरी लागली तरी रक्त पाहूनच कळतं. तसं होतं.

शाळेच्या नकाशात ओनेगो मोठ्या झिंग्यासारखं दिसतं. शेपूट दक्षिणेला, नांग्या उत्तरेला. आम्ही नांग्यांच्या मधे राहतो. इथली सगळी बेटं लांबट आहेत आणि एकाच दिशेला तोंड करून आहेत. शाळेत सांगायचे की फार पूर्वी इथे डोंगराएवढा बर्फ होता आणि सरकताना त्याने खडक खरवडले. उस्तिन्या मावशी म्हणते, देवाने नखं मारली. कसंही झालं असलं तरी पाणी तेवढंच आहे, आणि दक्षिणेकडे उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही.

पुढचं मला माहीत आहे. युद्धात तीन वर्षं फिनलंडचं सैन्य इथे होतं. कुयसारीच्या लोकांना त्यांनी बेटावरून उठवलं. सैन्य गेल्यावर लोक परतले तेव्हा चुली उभ्या होत्या, भिंती नव्हत्या. तैसिया पाच वर्षांची होती. ती सांगायची, आमची चूल पावसात उभी होती आणि आई तिच्यावरून हात फिरवत होती. घरं पुन्हा बांधली. एकावन्न साली आई गेली, तिला काठावर पुरलं. तेव्हा तो काठ नव्हता, पाणी बरंच लांब होतं. मग खाली स्विर नदीवर धरण झालं आणि ओनेगो वीत-दीड वीत वर आलं. एवढ्या पाण्याला दीड वीत म्हणजे काही नाही. पण कुयसारी वाळूची आहे. दर वर्षी ऑक्टोबरातली वादळं थोडी थोडी वाळू नेऊ लागली. त्यानंतर या गावाला भविष्य नाही असा सरकारी कागद आला. आधी शाळा गेली, मग दुकान, मग टपालाची होडी. बाहत्तर साली शेवटची तीन घरं उठली. तैसिया तोवर लग्न होऊन इकडे आलेली होती, पण त्या दिवशी ती दिवसभर धक्क्यावर बसून राहिली, तिकडे तोंड करून.

आता जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी, असंच एक वादळ होऊन गेल्यावर, मी जाळी सोडवायला कुयसारीला गेलो होतो. दफनभूमीचा काठ खाली आला होता. तीन कबरी गेल्या होत्या. त्यातली एक तिच्या आईची. क्रूस मुळांना अडकून लोंबत होता. मी पाण्यात उतरलो, कमरेपर्यंत. दगड होते, वाळू होती. गोळा करण्यासारखं काही नव्हतं. पाय गारठून बधिर झाले तेव्हा वर आलो.

त्या उन्हाळ्यात तैसियाचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. ती अजून भिंत धरून चालत होती. घरी जाऊन हे सांगणं मला जमणार नव्हतं. म्हणून क्रूस उचलला, वीस पावलं वर पाइनच्या झाडांत गेलो आणि खड्डा खणला. छातीइतका. त्यात काही न ठेवता तो बुजवला, वर उंचवटा केला, क्रूस रोवला, भोवती दगड लावले. नुसता उंचवटा केला असता तरी चाललं असतं. खणलं कशाला, ते मला अजून सांगता येत नाही.

घरी येऊन म्हटलं, "काठ खचत होता. आईला वर हलवलं."

तिने विचारलं, "सगळी हाडं?"

"सगळी."

"कशात ठेवलीस?"

"माशांच्या नव्या पेटीत. धुऊन घेतली होती."

ती थोडा वेळ माझ्या ओल्या पायांकडे बघत होती. मग म्हणाली, "कपडे बदल आणि जेवून घे."

तेव्हापासून दर जूनमध्ये, मेलेल्यांच्या शनिवारी, मी तिला होडीने तिथे न्यायचो. ती उंचवट्याशेजारी फडकं पसरायची, कांद्याच्या सालीत रंगवलेली अंडी आणि बटाटा भरून भाजलेल्या राईच्या कालित्का मांडायची आणि आईला वर्षभराचं सांगायची. लारीसाने नवरा सोडला. बटाट्याला कीड लागली. वेनियामिनने दारू सोडली, पुन्हा धरली. मी पाठ करून उभा राहायचो. निघताना ती एकटी काठाशी जायची आणि एक अंडं पाण्यात सोडायची. मला वाटायचं, ओनेगोचा वाटा देतेय. पाण्याला काहीतरी द्यायची रीत आमच्याकडे आहेच.

नऊ वर्षं ती रिकाम्या खड्ड्याशी बोलली. आणि आता तिला त्याच्याच शेजारी ठेवायचं होतं. तिकडे नेलं तर आईजवळ म्हणून रिकाम्या जागेजवळ ठेवायचं. इथे ठेवलं तर शब्द मोडायचा. रोज सकाळी पहार मारताना माझ्या डोक्यात हे दोनच होते आणि दोन्हींचं वजन सारखं होतं.

मोबाइल आमच्याकडे फक्त न्हाणीघरामागच्या टेकाडावर लागतो. लारीसा, म्हणजे आमची मुलगी, पेट्रोझावोद्स्कला असते. रस्ता बंद, होडी बंद, तिला येता येत नव्हतं.

"बाबा, अठरा दिवस झाले."

"एकोणीस."

"गावात दफनभूमी आहे ना. टेकडीमागे. आईला काय फरक पडतो?"

"तिने सांगितलंय."

"तिने मलाही सांगितलं होतं सिगारेट सोड म्हणून. बाबा, तुम्ही सदुसष्ट वर्षांचे आहात. बर्फात गेलात तर मी दोघांना कुठे शोधू?"

"वेनियामिन असेल बरोबर."

"तो तर एकोणसत्तरचा आहे."

 ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून टेकाडावर उभा होतो, खाली बर्फ दिसत होता, आणि मी बघत होतो की दोन बेटांमधल्या खिंडीत अजून काळं पाणीच आहे.

वेनियामिनही तेच म्हणाला, वेगळ्या तऱ्हेने. "तुझी बायको आयुष्यभर घाईत होती. दुकानाच्या रांगेत तिच्यापुढे कुणी उभं राहू शकलं नाही. आणि आता बघ, कशी शांत पडून वाट बघतेय. तिची हरकत नाही. पण चाळीसावा दिवस तेवीसला येतो. त्याआधी मातीत जायला हवी, नाहीतर उस्तिन्या मावशी मला खाईल."

"दहा तारखेला सहा बोटं होईल."

"आणि नाही झाला तर?"

"तर टेकडीमागे."

हे बोललो तेव्हा मला हलकं वाटलं. ती पहिली गोष्ट जी मला वाटली. आणि ती चांगली नव्हती. इथे पुरलं की कुयसारीचा खड्डा कुणाला कधी कळला नसता.

पण थंडी पडली. चार तारखेपासून वारा थांबला, झाडं रात्रीची तडकू लागली. दारावर मी तीन लिहिलं, मग चार, मग साडेपाच. अकरा तारखेला आमच्या खाडीत सहा बोटं भरली आणि चौथ्या घावाला पहार अडकली. वेनियामिन म्हणाला, "घोडा चालेल." मी म्हटलं, "उद्या."

बारा तारखेला सकाळी उजाडल्यावर निघालो. आमच्याकडे तेव्हा दहा वाजता उजाडतं. पेटी माशांच्या लांब घसरगाडीवर बांधली. दुसऱ्या लहान गाडीवर फावडी, दोर, एक लांब फळी आणि फरची रोपं होती, शंभर-सव्वाशे, आदल्या दिवशी तोडलेली. बर्फावर पहिल्यांदा जाणारा माणूस दर शंभर पावलांवर भोक पाडून एक रोप रोवत जातो. म्हणजे परत येताना वावटळ सुटली तरी वाट सापडते आणि मागून येणाऱ्यांनाही ती वाट मिळते. पंचवीस वर्षं आमच्या गावची वाट मी आखलीय. तैसिया रोपं ओढायची, मी पहार मारायचो.

उस्तिन्या मावशी काठीवर धक्क्यापर्यंत आली. तिने गाठोडं दिलं आणि उलगडून दाखवलं, मी लहान असल्यासारखं.

"हा काळा पाव. पहिल्या भोकात टाक, ओनेगोला. ही कालित्का तुम्हाला खायला. ही दोन अंडी. एक तैसियाला, एक तिच्या आईला. कबरीवर ठेवायची. पाण्याला अंडं देऊ नकोस."

मी म्हटलं, "तैसिया तर दर वर्षी द्यायची पाण्याला अंडं."

"पाण्याला? नाही रे."

"मी बघायचो ना."

उस्तिन्या मावशीने काठी बर्फावर टेकली. "पाण्याला पाव. अंडं मेलेल्याला. पाण्यात अंडं सोडायचं ते फक्त बुडालेल्या माणसाला, ज्याची कबर नाही त्याला. हे तिला मीच सांगितलंय. घरी येऊन विचारून गेली होती, पाण्यात गेलेल्याला काय द्यायचं मावशी म्हणून. मला वाटलं, मामासाठी विचारतेय. तिचा एक मामा बुडाला होता."

"कधी विचारलं?"

"झाली की आठ-नऊ वर्षं. तिचं पोट फाडलं होतं ना, त्याच हिवाळ्यात. भिंत धरून आली होती."

वेनियामिन गाडीचा दोर खांद्यावर घेत होता. म्हणाला, "मावशी, उजेड चार तासांचा आहे. गोष्टी आल्यावर सांग."

आम्ही निघालो. पहिल्या भोकात मी पाव टाकला. रोप रोवलं. शंभर पावलं. पुन्हा भोक, पुन्हा रोप. मी पुढे होतो, मागे लांब दोरावर पेटी, तिच्यामागे वेनियामिन लहान गाडी ओढत. बर्फ काळा आणि स्वच्छ होता, खाली दगड दिसत होते, मग दिसेनासे झाले.

तिला माहीत होतं. पहिल्या हिवाळ्यापासून. मी हा विचार करत होतो आणि पावलं मोजत होतो, आणि एकदाही मोजणं चुकलं नाही. ती नऊ वर्षं त्या उंचवट्यापाशी बसून बोलली ते मला ऐकू यावं म्हणून, आणि मग काठाशी जाऊन आईला तिचं अंडं दिलं. मी पाठ करून उभा असायचो.

"तू वाट आखतोयस की बाग लावतोयस?" वेनियामिन मागून ओरडला. "शंभर पावलं म्हणजे शंभर. तुझी सत्तर व्हायला लागलीत."

म्हणजे चुकत होतं. मला कळलं नव्हतं.

तीन किलोमीटरवर दोन ओसाड बेटांमधली खिंड लागते. तिथे तळाशी प्रवाह आहे आणि बर्फ नेहमी उशिरा धरतो. मी पहार मारली. एका घावात आरपार गेली, आणि भोकातून पाणी वर येऊन माझ्या बुटांभोवती पसरलं. मागे फिरायचं, हे मला माहीत होतं. मी उभा राहिलो. पाणी पसरत होतं, त्यात आकाश दिसत होतं. पायाखाली एक लांब आवाज झाला, करवतीसारखा, खिंडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अर्सेनी," वेनियामिन म्हणाला. ओरडला नाही. "आडवा हो."

मी उभाच होतो.

"अर्सेनी, पेटी चार बोटं जास्त धरलीय. माणूस जास्त धरलेला नाही. दोघं मावणार नाही तुम्ही. आडवा हो, गाढवा."

मी आडवा झालो. त्याने फळी सरकवली. मी पोटावर सरकत मागे आलो. त्याने माझी कॉलर धरली आणि बराच वेळ सोडली नाही.  

"मरायचं असेल तर उन्हाळ्यात मर," तो म्हणाला. "होडीने नेता येईल."

आम्ही उत्तरेकडून वळसा घेतला. दोन किलोमीटर वाढले. तिकडे बर्फ पाच बोटं होता. रोपं पुरावीत म्हणून मी सव्वाशे पावलांवर रोवायला लागलो. कुयसारीला पोचलो तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांना लागला होता, आणि तो त्याहून वर येत नाही.

दफनभूमीचा काठ आणखी आत आला होता. गेल्या उन्हाळ्यापेक्षा दोन पावलं तरी. पेटी आम्ही वर ओढली, झाडांपर्यंत. बर्फ फार नव्हता, पाइनच्या पानांचा थर होता. क्रूस सरळ होता. वेनियामिनने टोपी काढली, क्रूसाला वाकला, मग फावडं घेऊन उंचवट्याच्या डाव्या अंगाला जागा मोजायला लागला.

"इथे? आईच्या डाव्या हाताला?"

मी क्रूस दोन्ही हातांनी धरला, हलवला आणि उपटून बाजूला झाडाला टेकवला. मग उंचवट्याच्या मधोमध पहार मारली.

त्याने फावडं टेकवलं. "अर्सेनी, ती तुझी सासू आहे."

"इथे कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

मी त्याला सांगितलं. खणता खणताच सांगितलं, थांबलो नाही. काठ, क्रूस, पाणी, माशांची नसलेली पेटी. सांगायला फार वेळ लागला नाही. नऊ वर्षं जे धरून ठेवलं होतं ते चार-पाच वाक्यांचं निघालं.

वेनियामिन फावड्यावर हात ठेवून उभा होता. "आणि तैसियाला माहीत नव्हतं."

"होतं. उस्तिन्या मावशीकडे जाऊन विचारलं तिने. बुडालेल्याला काय द्यायचं ते."

"मग बोलली का नाही?"

"मीही बोललो नव्हतो."

त्याने टोपी पुन्हा घातली. म्हणाला, "तुम्ही दोघं. देवा रे." मग खाली उतरून माझ्याबरोबर खणायला लागला.

वरची वीतभर माती गोठलेली होती, ती पहारीने फोडली. खाली वाळू मऊ होती. नऊ वर्षांपूर्वी मीच भरलेली. मुळं नव्हती, दगड नव्हते. फावडं आपोआप जात होतं. पाऊण तासात छातीइतकं झालं. तुला फार खणावं लागणार नाही, असं ती म्हणाली होती. मी तेव्हा समजलो होतो, वाळू आहे म्हणून म्हणतेय. मी फावडं ठेवलं आणि खड्ड्यातच खाली बसलो. वेनियामिन काठावर चढून मुद्दाम दोर सोडवत बसला, सुटलेला दोर पुन्हा गुंतवून.

मग पेटी उतरवली. खाली फरच्या फांद्या टाकल्या होत्या, वरही टाकल्या. उस्तिन्या मावशीने कागदावर प्रार्थना लिहून दिली होती, ती वेनियामिनने वाचली. मधला एक शब्द त्याला लागला नाही, तो त्याने सोडला. माती लोटली. क्रूस पुन्हा तिथेच रोवला. त्यावर तिच्या आईचं नाव आहे. तैसियाचं मी उन्हाळ्यात कोरीन, जागा आहे खाली.

तिचं अंडं उंचवट्यावर ठेवलं.

दुसरं अंडं घेऊन मी काठाशी गेलो. तिथे पाणी खाली उतरल्यामुळे बर्फ पोकळ होता, पहारीने पटकन फुटला. ती जिथून सोडायची तीच ही जागा, क्रूस लोंबत होता त्याच्या खाली. खाली हातभर पाणी होतं. अंडं सोडलं. ते सावकाश गेलं आणि दोन दगडांच्या मधे बसलं. तपकिरी रंगाचं. दिसत होतं.

काहीतरी म्हणावं असं वाटलं. मी म्हटलं, "वर आहे ती. वीस पावलांवर."

वेनियामिन गाडीवर बसून कालित्का खात होता. अर्धी माझ्यासाठी ठेवली होती. ती गोठली होती, चावायला वेळ लागला.

परत येताना रोपांच्या ओळीने आलो. खिंडीजवळ वळसा घेतला तिथे वेनियामिनने दोन रोपं आडवी रोवून ठेवली होती, इकडे येऊ नका म्हणून. उजेड जात होता पण रोपं दिसत होती, एकामागून एक. सुरुवातीची फार जवळजवळ होती. 

धक्क्यावर उस्तिन्या मावशी शालीत गुंडाळून उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. माझ्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, तिने चूल पेटवली होती.

"ठेवलीस आईजवळ?"

"हो."

तिने माझे हात हातात घेतले, उलटे करून तळवे बघितले. "डिसेंबरात जमीन दगड असते. फार खणावं लागलं का रे?"

"नाही," मी म्हटलं. "फार नाही लागलं."